पोट वाढतं तशा पायाच्या शिरा का फुगतात?

पाचव्या-सहाव्या महिन्यात कधीतरी अंघोळ करताना लक्ष जातं. पोटरीच्या आतल्या बाजूला किंवा गुडघ्याच्या मागे एक निळसर-हिरवी शीर वेडीवाकडी वर आलेली असते. आडवं झालं की ती दिसेनाशी होते, उभं राहिलं की पुन्हा टरारून येते. संध्याकाळपर्यंत पाय भरून येतात, घोट्याशी खाज सुटते, रात्री पोटरीत गोळा येतो. तपासणीला दाखवलं तर डॉक्टर म्हणतात, "व्हेरिकोज व्हेन्स आहेत, बाळंतपणानंतर कमी होतील." घरी सासूबाई म्हणतात, "पाय वर करून पडून राहा गं." डॉक्टरांचं म्हणणं बहुतेक वेळा खरं ठरतं. सासूबाईंचं अर्धंच खरं आहे. निम्मा उपाय पडून राहण्यात असला तरी उरलेला निम्मा चालण्यात आहे, आणि तो का, हे कळायला आधी पायातलं रक्त वर कसं चढतं ते बघावं लागेल.

हृदयातून पायाकडे निघालेल्या रक्ताला हृदयाचा जोर असतो. परतीच्या वाटेवर तो जवळजवळ संपलेला असतो, आणि चढण मात्र घोट्यापासून छातीपर्यंतची. हे काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल टाकताना पोटरी आवळली की आतल्या खोल शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. पोटरी सैल पडली तरी ते खाली येत नाही, कारण शिरांमध्ये ठरावीक अंतरावर एकाच दिशेने उघडणाऱ्या पातळ झडपा असतात. विहिरीवर मोटर असलेल्या घरात हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही: फूट व्हॉल्व्ह नीट बसला नाही की पाइपात चढलेलं पाणी परत विहिरीत उतरतं. इथेही झडप पुरती मिटली नाही तर रक्त खाली उतरून साचतं आणि त्या दाबाने शीर रुंदावते. रुंदावली की झडपेच्या दोन पाकळ्या एकमेकींपासून आणखी लांब जातात, गळती वाढते, आणि भार खालच्या झडपेवर जातो.

या झडपा काम करताना घरी बघता येतात. इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी १६२८ साली आपल्या ग्रंथात हा प्रयोग चित्रांसह दाखवला. हात थोडा वेळ खाली सोडा म्हणजे शिरा वर येतील. हातावरची एक लांब, सरळ शीर निवडून तिच्या मनगटाकडच्या टोकावर एक बोट दाबून धरा. दुसऱ्या बोटाने त्या शिरेतलं रक्त कोपराच्या दिशेने सारत न्या आणि हे दुसरं बोट उचला. जिथे वाटेत झडप आहे, तिथून खालचा शिरेचा तुकडा रिकामा, चपटाच राहतो. वरचं रक्त मागे येत नाही. मनगटाकडचं बोट उचललं की तो खालून भरतो.

आता एक आकडा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. माणूस निश्चल उभा असताना घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या साधारण ९० मिलिमीटरपर्यंत असतो. झडपा धड असतील तर चालायला लागल्यावर काही पावलांतच तो २०-३० पर्यंत उतरतो. म्हणजे पायांचा खरा वैरी चालणं नाही, एका जागी खिळून उभं राहणं आहे. ओट्याशी तासभर पोळ्या लाटणारी बाई आणि तेवढाच वेळ बाजारात फिरणारी बाई, दोघी दमतात. पण शिरांवर भार पहिलीच्या जास्त पडतो.

गरोदरपणात या व्यवस्थेवर सगळीकडून ताण येतो. अंगातलं रक्त नेहमीपेक्षा ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. गर्भ टिकवून धरणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक गर्भाशयाचे स्नायू सैल ठेवतं, आणि ते करताना शिरांच्या भिंतीही सैल करतं. म्हणूनच काही जणींच्या शिरा तिसऱ्या महिन्यातच, पोट दिसायच्या आधी, फुगायला लागतात. पुढे वाढलेलं गर्भाशय ओटीपोटातल्या मोठ्या शिरांवर टेकतं आणि पायांतून वर येणाऱ्या रक्ताची वाट अडते. आईला किंवा मावशीला हा त्रास असेल तर आपल्याला होण्याचा संभव जास्त. बाळंतपणांच्या संख्येबरोबरही तो वाढतो: पहिल्या वेळी नुसत्या दिसलेल्या शिरा दुसऱ्या वेळी लवकर आणि जोरात येतात.

या फुगलेल्या शिरांमुळे बाळाच्या वाढीला काही होत नाही. बाळाकडे जाणारं रक्त या वाटेने जात नाही. त्रास आहे तो आईला, आणि तो खराच आहे. "सगळ्यांनाच होतं" असं म्हणून उडवून लावण्यातला नाही.

पाय वर, पण कसे?

खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवले तर थोडं बरं वाटतं, पण पाय हृदयाच्या पातळीच्या वर गेले तरच साचलेलं रक्त आपोआप उतरतं. त्यासाठी आडवं व्हावं लागतं. उशी नुसती गुडघ्याखाली खुपसू नका, पोटरी आणि टाच दोन्ही उचलल्या जातील अशी लांब ठेवा. दिवसातून तीन-चार वेळा पंधरा-वीस मिनिटं पुरतात. सहा महिन्यांनंतर सपाट उताणं पडून राहू नये, कारण गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्याच्या उजवीकडून जाणाऱ्या मुख्य शिरेवर येतो. उजव्या कुशीखाली उशी किंवा दुमडलेली गोधडी सरकवून थोडं डावीकडे कललं की तो भार हलतो. झोपही कुशीवर, शक्यतो डाव्या. रात्री जाग आल्यावर आपण उजव्या कुशीवर सापडलो म्हणून घाबरायचं कारण नाही.

पलंगाच्या पायथ्याच्या दोन पायांखाली एकेक वीट ठेवण्याची जुनी युक्ती चांगली आहे. अडचण एवढीच की शेवटच्या महिन्यांत छातीत जळजळ होत असेल तर पायथा उंच केल्याने ती वाढते. तेव्हा विटा काढा आणि दिवसाच पाय वर घ्या.

आता चालण्याचा भाग. रोज अर्धा तास, झेपेल त्या वेगाने चालणं पोटरीसाठी पुरेसं आहे, मात्र डॉक्टरांनी दुसऱ्या काही कारणासाठी विश्रांती सांगितलेली नसावी. उभं राहायची वेळ आलीच तर टाचा वर-खाली करा: पाच-दहा मिनिटांनी दहा-पंधरा वेळा टाचा उचलायच्या आणि टेकायच्या, ओट्याला हात धरूनच. एक पाय आलटून पालटून लाकडी पाटावर ठेवला तरी भार बदलतो. भाजी निवडणं, लसूण सोलणं, कणीक मळणं उभ्याने करायची गरजच नसते. पोळ्याही उंच स्टुलावर बसून लाटता येतात. त्या वाकड्या झाल्या तर घरातल्या दुसऱ्या कोणी लाटाव्यात. मांडी घालून किंवा उकिडवं बसणं वाईट नाही, पण तासन्‌तास तसं बसलं की गुडघ्याशी आणि जांघेत शिरा दुमडून राहतात. अधूनमधून उठावं, पाय सोडावेत. परकराची नाडी किंवा लेगिंग्जचं इलॅस्टिक पोटाखाली करकचून बसणार नाही एवढं बघावं.

नोकरीत हे सगळं आपल्या हातात नसतं. साडीच्या दुकानातली सेल्सगर्ल, वर्गात उभ्याने शिकवणारी शिक्षिका, वॉर्डातली नर्स, एसटीची कंडक्टर यांना "अधूनमधून बसा" हा सल्ला ऐकायला बरा. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात यासाठी एक तरतूद होती, २०२५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे, आणि ती फार कमी जणींना ठाऊक असते. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीचे सहा आठवडे आणि त्याच्याही आधीचा एक महिना, या काळात गरोदर बाई कामावर असेल आणि तिने मागणी केली, तर बराच वेळ उभं राहावं लागेल असं काम तिला देता येत नाही. मागणी तिने करायची आहे, म्हणून लेखी द्यावी. दुकानांत बसायला मिळण्याचा हक्क केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात घातला. केरळात त्यासाठी कापड दुकानांतल्या बायकांनीच लढा दिला होता.

मोजे घालण्याची कसरत

कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज म्हणजे घोट्याशी सर्वात घट्ट आणि वर जाताना सैल होत जाणारे मोजे. त्यांनी शिरा बऱ्या होत नाहीत, पण पाय जड पडणं, सूज आणि ठणका कमी होतो. दाबाचा वर्ग डॉक्टरांकडून लिहून घ्यावा आणि सर्जिकलच्या दुकानात घोटा आणि पोटरी मोजून घेऊन मोजे निवडावेत. माप सकाळी, सूज नसताना द्यायचं. बऱ्याच जणींना गुडघ्याखालचे पुरतात; शिरा मांडीवरही असतील तर लांब लागतात. पायाच्या रोहिण्यांमधून, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिन्यांमधून, रक्त कमी येत असेल किंवा मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी असेल, तर विचारल्याशिवाय घालू नयेत.

हे मोजे घ्यायचे आणि दोन दिवसांत कपाटात टाकायचे, हे सर्रास घडतं, कारण घालायची पद्धत कोणी दाखवत नाही. वेळ सकाळची, पलंगावरून पाय खाली टेकवायच्या आधीची. आधीच उठून कामाला लागला असाल तर दहा-पंधरा मिनिटं पाय वर घेऊन पडा आणि मग घाला, नाहीतर साचलेलं रक्त आणि सूज आतच आवळली जाते. जोडवी आणि पैंजण काढून ठेवा. जोडव्याची कड मोज्याच्या जाळीत अडकते आणि पैंजण आत राहिलं तर कातडीत रुततं. मोजा टाचेपर्यंत उलटा करा, पाऊल आत घाला, टाचेचा खोलगट भाग बरोबर टाचेवर बसला की उरलेला मोजा थोडा थोडा वर सरकवा. वरच्या काठाला धरून ओढू नका. बोटं उघडी राहणारा मोजा असेल तर पावलावर आधी पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा. मोजा सुळकन सरकतो आणि पिशवी पुढून ओढून काढता येते. काठ दुमडायचा नाही, सुरकुती ठेवायची नाही, कारण दुमडलेला काठ पोटरीला फास देतो आणि हेतूच्या उलटं होतं. आठव्या महिन्यात पोट आड येऊन हात पायापर्यंत पोचत नाहीत, तेव्हा हे काम नवऱ्याचं.

रात्री झोपताना काढायचे. रोज हाताने धुऊन सावलीत वाळवायचे, म्हणून दोन जोड हवेत. मे महिन्यात मुंबईत किंवा कोकणात हे मोजे दिवसभर घालणं छळ आहे, हे मान्य. तेव्हा निदान उभ्याने करायच्या कामाच्या वेळात तरी घालावेत. मोज्यांऐवजी क्रेप बँडेज दिलं असेल तर पावलाच्या बोटांच्या मुळापासून सुरू करून वर जायचं, घोट्याशी जास्त ताण आणि वर कमी. वरून खाली गुंडाळलेलं बँडेज पाय आणखी सुजवतं.

न बोलला जाणारा त्रास

अशाच शिरा योनीच्या बाहेरच्या ओठांवरही फुगतात. तिथे जड वाटतं, उभं राहिल्यावर काहीतरी खाली येतंय असं वाटतं, आणि बाई ते नवऱ्यालाही सांगत नाही. तपासणीत डॉक्टरांना किंवा सिस्टरना नक्की सांगा. एवढ्या कारणासाठी सहसा सिझेरियन करावं लागत नाही. टाके घालताना काळजी घ्यावी लागते म्हणून आधी माहीत असलेलं बरं. कापडात गुंडाळलेला थंड शेक, कुशीवर पडणं आणि आधार देणारी घट्ट चड्डी यांनी आराम पडतो. प्रसूतीनंतर काही आठवड्यांत या शिरा बहुधा ओसरतात.

मूळव्याध हीसुद्धा त्याच कुळातली, गुदद्वाराच्या शिरांची. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला कडक होतं, कुंथावं लागतं आणि त्याने ओटीपोटातल्या सगळ्याच शिरांवर दाब वाढतो. तरी गोळ्या बंद करायच्या नाहीत. सरकारी कार्यक्रमात गरोदरपणी किमान १८० दिवस रोज एक गोळी सांगितली आहे, ती घ्यायचीच. सोबत पाणी, पालेभाज्या, भाकरी, सालीसकट फळं वाढवा आणि तरी भागलं नाही तर डॉक्टरांकडून सौम्य रेचक घ्या.

शिरांसाठी मिळणाऱ्या गोळ्या, दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या, मलमं, काढे यातलं काहीही गरोदरपणात स्वतःच्या मनाने नको. जळवा लावण्याचा सल्लाही काही ठिकाणी मिळतो. आपल्याकडे बऱ्याच गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन आधीच कमी असतं, त्यात ही भर कशाला? शिरा कापून रक्त काढणं कोणाला वर्ज्य, याची यादी सुश्रुतसंहितेत आहे, आणि तीत गर्भिणीही आहे. मीठ बंद केल्यानेही झडपा मिटत नाहीत.

एकच पाय सुजला तर

आतापर्यंतचा त्रास कातडीखालच्या वरवरच्या शिरांचा होता. खरी भीती आहे ती आत खोल असलेल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर रक्त लवकर गोठण्याकडे झुकतं. रक्तस्राव आवरावा म्हणून शरीराने केलेली ती तजवीज आहे. त्यामुळे गुठळीचा धोका इतर वेळेपेक्षा चार-पाच पटींनी जास्त असतो. तरी एकूण हे क्वचितच घडतं. गरोदरपणात ही गुठळी बहुतांशी डाव्या पायात होते, कारण डाव्या पायाची मोठी शीर ओटीपोटात एका रोहिणीखालून जाते आणि मुळातच थोडी दबलेली असते.

दोन्ही पायांना संध्याकाळी सूज येणं आणि सकाळी उतरणं हे नेहमीचं. एकच पाय दुसऱ्यापेक्षा उघड जाड दिसणं, पोटरी किंवा मांडी दुखणं, हात लावल्यावर गरम लागणं, रात्रभर पाय वर ठेवूनही सूज न उतरणं हे नेहमीचं नाही. त्याच दिवशी दाखवा. लालीची वाट बघू नका, सावळ्या कातडीवर ती दिसत नाही; उष्णता आणि दुखणं यांवर जा. डॉप्लर सोनोग्राफीने निदान होतं आणि ती बाळाला निर्धोक आहे. गुठळी निघाली तर हेपरिन जातीची इंजेक्शनं देतात, ती वारेतून बाळापर्यंत पोचत नाहीत. अचानक धाप लागली, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त पडलं, तर १०८ ला फोन. चेहऱ्यावर आणि हातांवर सूज, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे चमकणं हा वेगळा प्रकार आहे, वाढलेल्या रक्तदाबाचा. तोही त्याच दिवशी तपासायचा.

वरवरच्या शिरेत गुठळी झाली तर ती शीर दोरीसारखी कडक आणि दुखरी लागते. ती कमी धोक्याची, पण दाखवावी लागतेच. फुगलेल्या शिरेला खरचटून रक्त लागलं तर धार बघून घाबरायला होतं. आडवं पडा, पाय वर करा आणि स्वच्छ कापडाने दहा मिनिटं सलग दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. थांबलं नाही तर दवाखाना गाठा.

सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी जायची आपली रीत, आणि माहेर कधी दहा तासांच्या बसवर असतं. गाडी थांबेल तिथे उतरून चार पावलं चाला, बसल्या जागी घोटे फिरवा, मोजे घाला, पाणी पीत राहा. लघवीला जावं लागेल म्हणून पाणी न पिणं हा बायकांचा नेहमीचा हिशोब इथे अंगाशी येतो. परदेशातून विमानाने येणाऱ्यांनाही हेच लागू.

बाळंतपणानंतर ही गोष्ट संपली असं वाटतं, पण गुठळीचा धोका सर्वात जास्त असतो तो प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत. नेमका तेव्हाच आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला खाटेवर ठेवायची पद्धत आहे. तिला कामाला जुंपू नये हा त्यातला विचार उत्तम. पण पडूनच ठेवणं नको. सिझेरियन झालं असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हापासून, बहुतेक वेळा दुसऱ्या दिवसापर्यंत, उठून घरातल्या घरात चालायला सुरुवात करावी. मालीश करणाऱ्या मावशी आल्या तर फुगलेल्या शिरांवर जोर लावू देऊ नका, हलक्या हाताने तेल लावलेलं चालतं. एक पोटरी दुखत आणि सुजत असेल तर तिला मालीश अजिबात नको, आधी तपासणी.

शिरा ओसरायला तीन महिन्यांपासून वर्षापर्यंत वेळ लागतो. म्हणून गरोदरपणात शस्त्रक्रिया, लेझर किंवा शिरेत औषध टोचणं करत नाहीत, आणि नंतरही घाई करत नाहीत. आपोआप जाणाऱ्या गोष्टीसाठी सुई का टोचून घ्यायची? लवकरच दुसरं मूल हवं असेल तर बरेच सर्जन तोवर थांबायला सांगतात, कारण पुढच्या वेळी नव्या शिरा येऊ शकतात. काही महिन्यांनीही पाय ठणकत असतील, घोट्याजवळची कातडी काळवंडत असेल, तर डॉप्लर करून बघतात आणि गळकी शीर लेझरने किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने आतून बंद करतात. ती बंद झाल्यावर रक्त कुठून जाईल ही शंका रास्त आहे. बहुतेक रक्त आधीपासून खोल शिरांतूनच जात असतं, उरलेलंही तिथेच वळतं.

पाळणा लांबवण्याचा विषय निघेल तेव्हा पायांची हकीकत सांगायला विसरू नका. नुसत्या फुगलेल्या शिरा असतील तर माला-एनसारख्या गोळ्यांना त्यामुळे आडकाठी नाही, मात्र बाळंतपणानंतर त्या कधी सुरू करायच्या हे विचारून घ्यावं. खोल शिरेत गुठळी होऊन गेली असेल तर या गोळ्या घ्यायच्या नाहीत. तांबी किंवा दुसरा उपाय निवडावा, आणि गुठळीची नोंद केसपेपरवर ठळक करून घ्यावी, कारण पुढच्या बाळंतपणात डॉक्टर बहुधा वेगळे असतात.